धामणगाव सोडून

खरी गोष्ट हाये. ह्या समोरच्या इस्तवाची शपथ, एक अक्षर खोटं नाही. म्हंजे... मी तथी नव्हतो. ज्याच्यावर गुदरली त्यानं सांगितलं, अन् सांगता सांगता तो मधातच चूप बसे. तेवढ्या जागा मी भरल्या. तेवढं सोडून सारं खरं.

पण फुकट नाही सांगत. अगुदर एक कोडं घ्या. टोपल्यात पाच भाकरी, खाणारे पाच जण. एकेकाले एक एक पुरी भाकर भेटली, तरी टोपल्यात एक भाकर राह्यलीच. कशी? खळ्याची राखण रातभर कराची हाये, वेळ लय हाये. गोष्ट सरेपर्यंत उत्तर सांगा, नाही त गाव द्या लागन.

हासू नको बे अर्जुना. आमच्या वक्ताले कोडं हरलं का गाव देत. नावानं. 'दिली चिखली.' 'दिला मेहकर.' मंग जिंकणारा हरणाऱ्याच्या कपड्याले गाठ मारे. माणसाच्या दुपट्ट्याले, बाईच्या पदराले. गाव परत गेलं का गाठ सुटे, अन् ते सोडाची ज्यानं मारली त्यानंच. दुसऱ्यानं हात लावाचा नाही. अन् दिलेल्या गावाले जाचं असन त मालकाले पुसून जाचं. मालक जाऊ दे म्हणे तवा पाय उचलाचा.

त उंद्रीचा एक इंद्रभान. वांगे अन् मेथी लावे. त्याची बायको कोकिळा, धामणगाव बढ्याची. सांजच्यान दोघं कंदिलापाशी मेथीच्या जुड्या बांधत, सकाळी माल चिखलीच्या बजाराले जाये. जुड्या बांधता बांधता कोडे. बाई अशी तल्लख का वर्षभरात तिनं त्याच्यापासून चिखली घेतली, बुलढाणा घेतला, देऊळगाव राजा बालाजीसगट घेतलं. शेवटी उंद्री बी गेली. इंद्रभान स्वताच्या घरात भाडेकरू झाला. त्याच्या दुपट्ट्याले एवढ्या गाठी का आंगावर घेतला त टोचे. सकाळी मेथीचं गठुडं डोक्यावर घेऊन तो दारात उभा राहे अन् पुसे, चिखलीले जाऊ का मालकीणबाई? ते म्हणे, जा, पण माह्यं गाव खराब करू नका.

एकच डाव तिले हरवलं त्यानं. ह्याच पाच भाकरीच्या कोड्यानं. तीन दिवस डोकं लावलं तिनं, मंग हरली. इंद्रभाननं दुसरं काई नाही मांगितलं, धामणगाव मांगितलं. तिचं माहेर. तिच्या जांभळ्या लुगड्याच्या पदराले गाठ मारली अन् पाण्यात भिजवून आवळली. अशी आवळली का नखानं सुटू नये, दातानं सुटू नये.

मंग तिले दिवस गेले. बासष्ट साल. दसरा झाला, सातवा लागला, भाऊ दमणी घेऊन न्याले आला. पाय दमणीवर ठेवता ठेवता तिनं पुसलं, जाऊ का तुमच्या धामणगावले?

इंद्रभान म्हणे, जिंकून घे अन् जा.

तिनं तथीच उभ्या उभ्या कोडं घातलं. 'दोघं चालले, पावलं दोनच. दोघं जेवले, ताट एकच. दोघं संगं निजले, पण एकानं दुसऱ्याचं तोंड पाह्यलं नाही.'

तुमाले बी आलं असन. पोटुशी बाई. हात पोटावर ठेवूनच सांगून राह्यली व्हती ते. दमणीच्या बैलाले बी आलं असन. इंद्रभानले त पहिल्या ओळीलेच आलं. पण तो म्हणे, विचार करून राह्यलो. तू वापस ये, तवा सांगतो. त्याले वाटलं, कोडं अटकून राह्यलं त लवकर येईन.

ना तो हरलो म्हणला, ना त्यानं जा म्हणलं. दमणी निंगाली. वळणापर्यंत ते हासत व्हती.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले अन् सांगावा आला. इंद्रभान पोहचला तवा मसणातली राख बी थंडी झाली व्हती. सासू, तानुबाई, उंबऱ्यात बसली व्हती. ते एवढंच बोलली.

"बापू, भाकर टोपल्यासगट गेली."

लेकरू बी गेलं. पोटातच.

अशी बाई गेली का गावात वापस येते म्हणतात. म्हणून गावच्या लोकांनी रीतीपरमानं मसणापासून शिवेपर्यंत मोहरी टाकली. दाणा दाणा येचल्याबिगर तिले आत येता येत नाही.

कार्तिकाच्या अवसेले इंद्रभान पुन्हा धामणगावले गेला. काम सादं व्हतं. तिची पेटी तथी राह्यली व्हती, ते आणाची. मोताळ्यापासून एक बैलगाडी भेटली, नाल्यापाशी गाडीवाल्यानं उतरवलं अन् तो आपल्या गावाले वळला. रात्रीचे साडेदहा झाले असन. गाव अर्धा कोस. हा एकटा चालून राह्यला. शिवेचा धोंडा आला.

धोंड्याच्या अल्याड ते उभी व्हती.

उभी. एक हात कमरेवर, एक पोटावर. भरल्या दिवसाची बाई जशी उभी राह्यते तशी.

"सुचलं का?"

इंद्रभानले भेव नाही वाटलं म्हणे. त्याले पहिले एकच गोष्ट समजली. उत्तर देल्लं त कोडं सरते. कोडं सरलं त ते जाते.

"विचार करून राह्यलो," तो म्हणे.

रातभर बोलत राह्यले. मेथीले भाव काय, कुत्रीले पिल्लं किती झाले, असंच. कोंबडा आरवला अन् तथी निसता धोंडा. हा सासूच्या घरी गेला, चहा पेला, अन् पेटी तथीच विसरून उंद्रीले आला.

मार्गशीर्षाच्या अवसेले पुन्हा पेटी आणाले गेला. पुन्हा सुचलं नाही. पुन्हा पेटी विसरला. तानुबाई निसती पाहत राह्यली त्याच्या तोंडाकडं.

पौषाची अवस. त्रेसष्ट साल, जानेवारीची पंचवीस तारीख, शुक्रवार. थंडी अशी का नाल्याच्या पाण्याची वाफ निंगे. इंद्रभाननं कागदात शेव बांधून नेली व्हती. तिले आवडे.

ते तथीच. पण ह्या डावाले पुसलंच नाही तिनं. सुचलं का... नाही. काईच नाही.

हा बोलत राह्यला. वांगे, मेथी, कुत्री.

मंग त्याच्या ध्यानात आलं. तीन अवसा झाल्या. हा धोंड्यावर बसे. ते कधीच बसली नव्हती.

"बसत काऊन नाहीस?"

"बसता येत नाही."

"मंग घरी जा. माय हाये तुही. मोहरीचं काय ते मी झाडून देतो."

"मोहरी नाही हो... गाव माह्यं कुठं हाये?"

मले सांगतानी इंद्रभान अथीच थांबला. लय वेळ थांबला. ही जागा मी भरली नाही.

मंग ते म्हणली, "पाय भरून आले हो. दोघाचं वझं हाये."

दिवाळीपासून उभी व्हती. आठव्या महिन्याचं पोट घेऊन. थंडीत. अन् हा विचार करून राह्यला व्हता.

इंद्रभान धोंड्यावरून उठला. दुपट्टा काढला. खाली ठेवला.

"हरलो."

"...सुचलं नाही?"

"नाही सुचलं."

"खरंच?"

"धामणगाव दिलं."

ते पाहत राह्यली. कोडं घालणाऱ्यानं उत्तर सांगाचं, अशी रीत. तिनं नाही सांगितलं. एवढंच म्हणली, "तुमाले कोडं हरता बी येत नाही नीट."

अन् चालाले लागली. धोंड्याच्या पल्याड. सावकाश, कमरेवर हात ठेवून. पायाखाली मोहरी वाजे. बारीक... बारीक...

मंग ते बी नाही.

इंद्रभान गावात गेलाच नाही. उजाडेपर्यंत तथीच बसला. सकाळी तानुबाईनं स्वताहून पेटी डोक्यावर आणली, शिवेवर ठेवली. म्हणे, आता घेऊन जाय बापू. कुलूप लागलेलं. किल्ली तानुबाईच्या कमरेले, सुतक फिटलं तवापासून. तिनंच उघडलं. वरतंच जांभळं लुगडं, घडी घातलेलं.

कोकिळा गेली त्या दिवशी तानुबाईनं ते गाठ सोडून पाह्यली व्हती. दातानं. तिचा एक दात हालला, पण गाठ नाही सुटली. सोडाचा हक इंद्रभानचा, अन् त्यानं त पेटीले हात बी लावला नव्हता.

पदर मोकळा व्हता. गाठीच्या जागी निसता चोळामोळा.

इंद्रभान त्या दिवसापासून धामणगावात गेला नाही. सासू मेली, तवा बी शिवेपर्यंत गेला अन् वापस आला. लोकांनी नावं ठेवली. पण जाचं त मालकाले पुसून जाचं ना. पुसाचं कोणाले?

झालं. इस्तो पुढं सारा जरा.

आता उत्तर द्या. पाच भाकरी, पाच जण, टोपल्यात एक... बोल अर्जुना. तू? कोणाले बी नाही? अरे, मी त मधातच सांगून देल्लं व्हतं. शेवटच्याले भाकर टोपल्यासगट देल्ली. तुमी भेत बसले, आयकाले कोण व्हतं.

चाल, काढ दुपट्टा. गाठ मारू दे. गाव दे.

कोणतं बी चालन. चिखली दे, उंद्री दे, मोताळा दे.

...नाही. धामणगाव सोडून. ते मी देल्लं हाये.