ऐकणारीचा वाटा

पौषातल्या रविवारी सुवर्णाच्या घरात घाई नसे. पाटावर रक्तचंदनाचा सूर्य काढायचा, गच्चीत जाऊन अर्घ्य द्यायचं, कुंकवात भिजवलेल्या अक्षता मुठीत धरून कहाणी सांगायची आणि मगच अळणी दूधभाताचा पहिला घास घ्यायचा. लग्न होऊन नाशिक रोडला आली तेव्हापासून हे चाललं होतं, आणि त्याआधी मखमलाबादच्या मळ्यात तिची आई झेंडूची तोडणी उरकून हेच करायची.

यात अडचण एकच होती. ही कहाणी भिंतीला सांगून चालत नसे. समोर ऐकणारं माणूस लागे, आणि सांगणारी जिथं थांबेल तिथं त्यानं ‘हूं’ म्हणायला लागे. कहाणी सरली की मुठीतला अर्धा वाटा सांगणारीचा, अर्धा ऐकणारीचा. दिवस मावळायच्या आत हे झालं नाही, तर त्या दिवशी अन्न नाही.

ऐकायला खालच्या मजल्यावरच्या गोजराबाई येत. मांडीवर लसणाचं सूप घेऊन बसायच्या, सोलता सोलता हुंकार द्यायच्या. पण शनिवारी संध्याकाळीच त्या पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या.

“अवो सुवर्णाताई, उद्या मी नाय. सटाण्याला चालले, बहिणीच्या डोळ्याचं आप्रेशन हाय. त्या सूर्यनारायणाला सांगा, गोजरा रजेवर हाय म्हणून.”

“जाऊन या हो. बघते मी कुणाला तरी.”

“समर्थला बसवा की समोर.”

सुवर्णा नुसतीच हसली. गोजराबाईंना ठाऊक नव्हतं. खरं तर घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

दिवाळीत तिच्या मुलाला, समर्थला, गालगुंड झाले. ताप उतरला, सूज उतरली, पण डावा कान गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, उजवा शाबूत आहे, जपा. विसाव्या वर्षी कान जपायचा म्हणजे काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. सुवर्णाचा आवाज जन्माचा बारीक. नवरा दोन खोल्यांपलीकडून ओरडायचा, “काय म्हणालीस?” आणि समर्थ मात्र तेवढ्यातून ओ द्यायचा. त्या दिवाळीनंतर त्यानं ओ देणं सोडलं, तेव्हाच तिच्या लक्षात आलं होतं.

समर्थ कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा आणि गायचाही. बंद खोलीत जमायचं. पण मोठ्या स्पीकरसमोर उभं राहिलं की एका कानाला सगळं एकच होऊन जाई. ढोल कुठला, गिटार कुठली, काही कळत नसे. दोनदा तो ठेक्याच्या पुढं पळाला होता. ड्रम वाजवणाऱ्या राजनं चिडवलं, “काय रे, आगगाडी पकडायचीय का?” समर्थनं हसण्यावारी नेलं. घरी येऊन मात्र ओट्याला टेकून कितीतरी वेळ उभा राहिला.

“आई, रविवारी गंगापूर रोडला मोठा कार्यक्रम आहे,” तो म्हणाला. “तू येशील? एकटीच ये. स्टेजच्या अगदी जवळ, माझ्यासमोर उभी राहा आणि हातावर ठेका धर. तुझा चुकत नाही.”

“अरे, मी भजनातली बाई.”

“म्हणूनच तर. राज माझ्या पाठीमागं असतो. सारखं वळून त्याच्याकडं बघितलं तर लोक हसतील. तुझ्याकडं बघितलेलं कुणाला कळणार नाही.” मग जरा थांबून म्हणाला, “आणि या वेळी चुकलो ना, तर सगळ्यांना सांगून टाकणार. गिटार ठेवून देणार. कायमची.”

तो हे रडत म्हणाला असता तर तिनं समजूत घातली असती. तो नुसता ओट्यावरचं पाणी बोटानं पसरवत होता. मग रोज दुपारी स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. टेपरेकॉर्डर लावायचा आणि सुवर्णानं उजवी मूठ डाव्या तळव्यावर मारायची. गाणी तिला कळली नाहीत, चाल कळली. मधे एक जागा होती तिथं ठेका एकदम दुणा व्हायचा. तिथं तिला थेट एकादशीचं भजन आठवायचं.

रविवारी समर्थ सकाळीच गेला. नवऱ्याची प्रेसमध्ये पाळी होती. सुवर्णानं पूजा केली, अर्घ्य दिलं, अक्षता रुमालाच्या टोकाला बांधल्या आणि उपाशीपोटी बसमध्ये बसली. कुणीतरी भेटेलच, असा तिचा भरवसा होता.

शेजारी भाजीची टोपली घेतलेली एक म्हातारी बसली. सुवर्णानं हळूच विचारलं, “आजी, कहाणी ऐकता का आदितवारची?”

म्हातारीनं कानामागं हात धरला. “द्वारका? द्वारकेचा थांबा आला का?”

“नाही हो, कहाणी.”

“मावशी, आधी तिकीट,” कंडक्टर म्हणाला. “कहाणी मग सांगा, मी पण ऐकतो.” पण पुढच्या थांब्यावर इतकी माणसं चढली, की तो मागच्या दारापाशीच अडकून राहिला.

मैदानावर पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. स्टेजचं तोंड पश्चिमेला होतं, त्यामुळं सगळी वाद्यं उन्हात लखलखत होती. काळ्या बनियनातली, केस वाढवलेली पोरं, वडापावची गाडी, धूळ. सुवर्णाचं फिकट केशरी लुगडं त्या गर्दीत दुरून दिसत असणार. बिल्ला लावलेला एक मुलगा आडवा आला.

“काकू, चुकलात का? भजनसंध्या काल झाली.”

“माझा मुलगा आहे वर.”

“मग मागं खुर्ची देतो ना. इथं लय आवाज होतो, हार्ट धडधडतं.”

“मला इथंच उभं राहायचंय, बाळ.”

तिच्या बारीक आवाजात काय होतं कोण जाणे, त्यानं वाट दिली. कठड्यापाशी फाटक्या जीन्सची एक मुलगी होती, तिनं अंग चोरून जागा केली. “या काकू, इथून मस्त दिसतं. तुम्हाला आवडतं रॉक?”

“अजून ऐकलं नाही,” सुवर्णा म्हणाली, आणि ती मुलगी मनापासून हसली. हिलाच सांगावी कहाणी, असं सुवर्णाच्या मनात आलं. तिनं रुमालाच्या गाठीला हात घातला आणि त्याच क्षणी स्टेजवर पहिला तडाखा बसला.

आवाज कानांतून आला नाही, तो पायांतून वर चढला. मंगळसूत्राच्या वाट्या छातीवर थरथरू लागल्या. समर्थ पुढं आला. त्याची नजर गर्दीवरून फिरली, घाबरी झाली, मग केशरी लुगड्यावर येऊन थांबली. सुवर्णानं मूठ तळव्यावर मारली. एक. त्यानं मान किंचित हलवली. आणि गाणं सुरू झालं.

पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. तो तिच्याकडं बघत होता आणि ती त्याच्याकडं. तिचा तळवा लाल झाला. आजूबाजूची पोरं उड्या मारत होती, धक्के देत होती, पण तिला काही लागत नव्हतं. तिच्या डाव्या हाताला माणूसभर जागा रिकामी राहिली होती आणि गर्दी तिथं येऊन आपोआप वळत होती. आधी तिला वाटलं, वयाचा मान ठेवताहेत.

तिसऱ्या गाण्यात तिनं मागं वळून पाहिलं. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला होता.

इतक्या वर्षांत एकही रविवार कोरडा गेला नव्हता, आणि तो नेमका आज, पोराच्या दिवशी जाणार होता. ठेका न सोडता तिनं दातांनी रुमालाची गाठ सोडली, अक्षता मुठीत घेतल्या आणि मूठ पुन्हा तळव्यावर मारली. ऐकायला कुणी नसलं तर नसो. निदान सांगायची तरी.

ती सांगू लागली. एका मळ्यात एक माळीण होती, तिच्या झेंडूला फूल येईना. तिचा आवाज तिला स्वतःलाही ऐकू येत नव्हता, फक्त ओठ हलत होते. पहिला थांबा आला. ती सवयीनं थांबली.

“हूं.”

अगदी स्पष्ट ऐकू आला. डाव्या बाजूनं, खांद्याच्या उंचीवरून. घसा न साफ करता, झोपेतून उठल्यासारखा.

सुवर्णानं वळून पाहिलं. जीन्सवाली मुलगी उजवीकडं होती, डोळे मिटून डोकं झटकत होती. डावीकडं ती रिकामी जागा. जमिनीवर वडापावचा कागद होता, तो तिथल्या तिथं हलत होता.

मूठ मात्र थांबली नाही. तिनं पुढं सांगितलं. माळीण सूर्याकडं गेली, म्हणाली, देवा, माझं काय चुकलं.

“हूं.”

सुवर्णाला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी तिला लहानपणीची दुपार आठवली. मळ्यातल्या पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसलं की वाटायचं तसं, आपल्याजवळ कुणीतरी आहे असं.

तिनं वर पाहिलं. समर्थ तिच्याकडं बघत नव्हता.

त्याचे डोळे मिटलेले होते. मान डावीकडं कलली होती. लहान असताना अंथरुणात गोष्ट ऐकायचा तशी.

बोटं तारांवर पळत होती. ती दुणी जागा आली. तिची मूठ क्षणभर अडखळली.

तो अडखळला नाही.

मागं राज काठ्या उंचावून ओरडत होता. सगळं मैदान ओरडत होतं. सुवर्णा सांगत राहिली. झेंडू फुलला. माळणीनं ओटी भरली.

“हूं.”

कहाणी सरली. सूर्याची शेवटची कड झाडांमागं गेली.

तिनं मूठ उघडली. इतका वेळ ती घट्ट मिटलेली होती, नखं तळव्यात रुतलेली होती. अक्षता अर्ध्याच होत्या.

समर्थ स्टेजवरून उडी मारूनच खाली आला. घामानं भिजलेला, लाल झालेला. राजनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला, “साल्या, आज कुणाचं भूत शिरलं होतं तुझ्यात? एक ठोका नाय हुकला!” समर्थ हसला, आणि आईला उजव्या बाजूला घेऊन गर्दीतून वाट काढू लागला.

फाटकाबाहेर जरा शांतता झाली तेव्हा तिनं विचारलं, “बघत का नव्हतास रे माझ्याकडं?”

“गरजच पडली नाही. तू सांगत होतीस की. एकेक शब्द येत होता.”

“गाण्याचा?”

“नाही गं. गाणं नेहमीसारखंच, नुसता गोंगाट. तुझी कहाणी. माळणीची.”

सुवर्णा चालायची थांबली. “आणि ठेका?”

“ठेका ती देत होती ना. हूं… हूं… बरोबर जागेवर. तुझ्या शेजारची.” तो अगदी सहज बोलत होता. मग त्यानं डाव्या कानाला हात लावला, बोटानं हलकेच दाबून बघितला. “या कानात, आई. गंमतच आहे.”

तिनं थांब्यावरच्या टपरीतून त्याच्यासाठी केळी घेतली. स्वतःच्या वाट्याच्या अक्षता पदराच्या टोकाला बांधल्या. नाशिक रोडची बस आली. समर्थ खिडकीशी बसला, डावा कान बाहेरच्या बाजूला, आणि ती त्याच्या उजवीकडं.

बस द्वारका ओलांडून पुढं गेली. समर्थ बाहेर बघत होता. मधेच त्याच्या ओठांवर हसू यायचं, मधेच भुवया जवळ यायच्या. गिटारच्या पिशवीवर त्याचं बोट सावकाश ठेका धरून होतं. तो कसला ठेका ते तिला ओळखता आलं नाही.

“काय रे?” तिनं त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

त्यानं तळहात वर करून तिला थांबवलं. जरा वेळानं तिच्याकडं वळला.

“आई, तुमच्या मखमलाबादच्या घरी मैना म्हणून कुणी होतं?”

सुवर्णानं आठवून पाहिलं. आत्या, माम्या, शेजारणी, तोडणीच्या बायका. तिनं मान हलवली. “नाही रे. असं कुणी नव्हतं.”

समर्थनं पुन्हा खिडकीकडं मान कलती केली. थोडा वेळ ऐकलं.

“ती म्हणते, तू फार लहान होतीस तेव्हा.”

बस उड्डाणपुलाच्या उतारावर होती. उघड्या खिडकीतून पौषाचा गार वारा आत येत होता आणि समर्थच्या मानेवरचा घाम अजून वाळला नव्हता. काच ओढायला सुवर्णानं त्याच्यावरून हात पुढं केला. चौकटीला बोटं लागली. मग त्याच्या डाव्या कानाशी कुणी असेल तर चेंगरायला नको, म्हणून तिनं हात अलगद मागं घेतला.