चंद्राबाईंची धाप

नसरापूरच्या फाट्यावर शेफालीच्या डोळ्यांदेखत वेल्ह्याची एसटी निघून गेली. हात दाखवला, हाका मारल्या, पण ड्रायव्हरनं काही मान वळवली नाही. ओढणीवरची धूळ झटकत ती पुटपुटली, "झालं! आता बसा दिवसभर."

"कुठं जायचंय, म्याडम?" बाजूच्या टेम्पोतून आवाज आला.

तिनं गावाचं नाव सांगितलं.

"तिकडंच चाललोय. बसा."

टेम्पोत आधीच दोन म्हाताऱ्या ऐसपैस बसल्या होत्या, म्हणून ती चढली. चालवणारा तरुण सावळा, उंच, आणि आरशातून एकदाच बघून नजर काढून घेणारा.

"कुणाकडं निघालाय?"

"चंद्राबाईंकडं. मी भोरच्या दवाखान्यातून आलेय. त्यांना भेटायचंय, म्हणून महिनाभर फोन लावतेय. पण त्यांचा मुलगा! उचलायचा नसेल तर फोन बाळगतो तरी कशाला?"

म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावला.

"लई बेजबाबदार दिसतोय," तरुण गंभीरपणे म्हणाला.

"आळशी म्हणा, आळशी!"

"पण... दिसायला बरा हाय म्हनं."

"मला काय करायचंय दिसण्याशी?"

टेम्पो एका अंगणात थांबला. तरुणानं खाली उडी मारली आणि हाळी दिली, "आई, दवाखान्यातल्या म्याडम आल्यात!"

शेफालीचा चेहरा असा काही उतरला की म्हाताऱ्या खो-खो हसत सुटल्या.

"गावात रेंज न्हाई ओ," तो तरुण, म्हणजे चंद्राबाईंचा मुलगा स्वरूप, म्हणाला. "आळशी न्हाई मी. बेजबाबदारचं... बघू."

पावसाळ्यात गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं ताप येतो आणि धडधाकट माणसाला आडवं करतो. चंद्राबाई त्याच तापानं भोरला ॲडमिट होत्या, अतिदक्षता विभागात राहून आल्या होत्या. अशी माणसं बरी होऊन घरी जातात खरी, पण पुढं त्यांच्या अंगात पहिल्यासारखी ताकद येते का, याचा अभ्यास डॉक्टर सरोज करत होत्या. घरोघर जाऊन माणसांना तपासायचं काम नुकतंच शेफालीकडं आलं होतं. तपासणी साधी. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा, सहा मिनिटं चालायला लावायचं आणि किती अंतर कापलं ते मोजायचं. ज्याला धाप लागेल त्याच्याकडं पुन्हा जायचं. जो ठणठणीत, त्याला रामराम.

चंद्राबाईंनी हा नियम पहिल्याच दिवशी नीट समजून घेतला. स्वरूप फाट्यावर सोडायला जाताना पोरीशी कसा बोलतो, हेही त्यांनी तितकंच नीट बघून ठेवलं.

मग शेफालीच्या फेऱ्या सुरू झाल्या. दर वेळी चंद्राबाई चार पावलं जास्त टाकायच्या, आणि दर वेळी स्वरूपचं काहीतरी काम नेमकं फाट्यावरच निघायचं.

"रोज खत लागतं का तुम्हांला?" शेफालीनं एकदा विचारलं.

"खत न्हाई, आज बियाणं."

"कापणीच्या दिवसांत?"

"...पुढच्या वर्षाचं."

ती खिडकीकडं तोंड करून हसली. परतीच्या पावसाची सर आली होती, काच वर होत नव्हती, आणि बाही भिजत होती तरी तिचं तिकडं लक्षच नव्हतं. हा माणूस आपल्याला आवडतो, हे तिला तेव्हाच कळून चुकलं.

कार्तिकातल्या तपासणीला मात्र चंद्राबाई अंगणाच्या मध्यावरच थांबल्या. छातीला हात लावून मटकन ओट्यावर बसल्या. "पानी दे गं पोरी..."

चिमट्यावरचा आकडा चांगला होता, तरी धाप थांबेना. ऐकून डॉक्टर सरोज विचारात पडल्या. "ऑक्सिजन ठीक, तरी दम लागतो? हृदयाला त्रास झाला असेल. पुण्याला मोठ्या तपासणीला पाठवू."

हे स्वरूपला शेफालीनंच सांगितलं. त्याचे वडील हृदयाच्या झटक्यानंच गेले होते. तो किती तरी वेळ टेम्पोची किल्ली हातात फिरवत राहिला.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी तो दवाखान्याच्या दारात उभा दिसला. अंगावर शेतातलेच कपडे, पायाला चिखल.

"मावशींना काय झालं?" शेफाली धावलीच.

"कायबी न्हाई. आई ठणठणीत हाय." त्यानं मान खाली घातली. "सकाळी बघितलं. डोक्यावर भाताचा भारा घेऊन बांध चढत हुती. गाणं म्हनत. ती धाप... खोटी हुती."

"खोटी? आम्ही सगळे जिवाला घोर लावून बसलोय!" शेफाली तापली. "अशी खोटी तपासणी अभ्यासात गेली असती तर? आणि तुम्ही? तुम्हांला माहीत होतं?"

"न्हाई. कळलं तसा निघालो."

"त्यांनी असं का केलं पण?"

"ती बरी झाली की तुमी येनार न्हाई... म्हनून."

शेफाली दारातल्या पायरीवर बसली.

"हे सांगितलं की तुमचं येनं संपलं, ठाऊक हुतं मला," तो म्हणाला. "गप बसावं असंबी क्षणभर वाटलं. पण तुमच्या कामात खोटं घालून तुमाला बोलवायचं... ते मला जमायचं न्हाई."

शेफालीचा राग होता तिथंच राहिला. त्याच्या शेजारी दुसरंही काही येऊन बसलं आणि तिचे डोळे भरले.

डॉक्टर सरोज आधी रागावल्या, मग पोट धरून हसल्या आणि झाला प्रकार जसाच्या तसा नोंदवून पुन्हा तपासणी करायला सांगितली. या खेपेस चंद्राबाई अशा तरातरा चालल्या की अंतर मोजता मोजता शेफालीच मागं पडली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पन काय करू? आमचं ध्यान खताबियाण्याच्या पुढं सरकंना."

"झालं, मावशी. तुम्ही अभ्यासातून सुटलात. आता मी येणार नाही."

तिनं चपला घातल्या. स्वरूप टेम्पोजवळ उभा होता. त्यानं दार उघडलं, पुन्हा लावलं.

"रविवारी भात झोडायचंय," तो म्हणाला. "धूळ लई उडती. दंगा असतो. तुमाला बघण्यासारखं काय न्हाई..."

"मग सांगताय कशाला?"

"तुमी पायजे. रविवारी बी... नि नंतर बी. कायमच."

तिनं त्याच्याकडं बघितलं, लाजून नाही, अगदी सरळ. मग अंगणातून मागं फिरली, ओट्यापाशी चपला काढल्या आणि आत डोकावली.

"मावशी, रविवारी किती माणसांचा स्वयंपाक आहे? मला भाकरी थापता येत नाही, आधीच सांगून ठेवते."

"त्याला येती की!" आतून चंद्राबाईंचा आवाज आला. "त्यो थापील, तू खा."