मिडविकेटला उभा सयाजी

धम्मपालला कोणी गेमर म्हटलं असतं तर त्याचं त्यालाच हसू आलं असतं. चाकणच्या एका कंपनीत तो पत्रा दाबायच्या प्रेसवर आठ तास उभा राहायचा, पिंपरीला घरी येऊन जेवायचा आणि आडवा व्हायचा. गेमचा डबा मेहुण्याचा, संघर्षचा. संघर्षने नवा घेतला आणि जुना बहिणीच्या घरी आणून टाकला. सोबत दोन गेम होते, एक क्रिकेटचा आणि एक उडणाऱ्या सुपरहिरोचा. डबा वर्षभर टीव्हीखाली धूळ खात पडला. मग कंपनीचा वार्षिक शटडाऊन आला. मशिनं आठवडाभर बंद, दुरुस्तीवाले फिटर तेवढे कामावर, बाकीच्यांना सुट्टी. बायको आम्रपाली सकाळी साडेआठला हिंजवडीच्या कॅबमध्ये बसली की घरात धम्मपाल एकटा उरायचा.

रविवारी त्याने बसून दोन संघ तयार केले. एक स्वतःचा. दुसऱ्याचं नाव ठेवलं 'बी शिफ्ट', आणि त्यात आपल्या लाइनवरची अकरा माणसं नावानिशी घातली. ज्यांच्याबरोबर वर्षभर घाम गाळायचा त्यांना सोफ्यावर लोळत चौकार ठोकायचे, या कल्पनेनेच त्याला गुदगुल्या झाल्या. सयाजी फिटरला त्याने मुद्दाम ढेरी दिली आणि सीमारेषेवर मिडविकेटला उभं केलं.

सयाजी त्याचा जिवाचा दोस्त. लातूरकडचा, मोठ्या आवाजाचा, घरी चार महिन्यांची मुलगी. शटडाऊनमध्ये चार नंबरच्या प्रेसचं काम त्याच्याकडे होतं. शनिवारी निघताना एक किरकोळ गोष्ट घडली होती. प्रेसमध्ये उतरण्याआधी प्रत्येकाने आपलं लाल कुलूप मेन स्विचला लावायचं, अशी तिथली रीत. कुलपावर ते ज्याचं असेल त्या कामगाराचा फोटो ठोकून बसवलेला. एक जरी कुलूप लटकत असलं तरी मशीन चालू होत नाही, आणि ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. नेमकी सयाजीची किल्ली कुलपातच मोडली. स्टोअरमधून नवं मिळायचं म्हणजे अर्ज, सही आणि चार दिवसांचा खोळंबा. धम्मपालने आपलं कुलूप-किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"आठवडाभर मी घरीच आहे, भावा. वापर माझं."

"लई झालं," सयाजी म्हणाला. दोघांनाही त्यात वावगं काही वाटलं नाही.

सोमवारी पहिल्याच षटकात धम्मपालने मिडविकेटकडे चेंडू मारला. सयाजी हलला नाही. चेंडू त्याच्या पायाजवळून सरपटत सीमेबाहेर गेला. पुढचाही गेला. बाकीचे दहा जण धावत होते, झेपावत होते. सयाजी मात्र एक हात वर करून खांबासारखा उभा. जुना डबा आहे, अडकला असेल, म्हणून धम्मपालने गेम बंद करून पुन्हा लावला. सयाजी तसाच उभा होता. मग त्याने दिवसभर तिकडेच चेंडू मारले आणि आयुष्यातलं पहिलं शतक ठोकलं. संध्याकाळी आम्रपालीला सांगितलं तर ती म्हणाली, "न हलणाऱ्या माणसासमोर शतक? वा, मिरवणूक काढू."

मंगळवारी त्याने रिप्ले जवळून पाहिला. सयाजीचा उजवा हात वर होता आणि डाव्या हाताने त्या हाताचं मनगट धरलेलं होतं. धम्मपालच्या हातातला चहा तसाच राहिला. प्रेसच्या धडधडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून बी शिफ्टने आपापसात काही खुणा ठरवल्या होत्या. कुठल्या पुस्तकात नाहीत, दुसऱ्या शिफ्टलाही ठाऊक नाहीत. त्यातली ही सर्वात मोठी. माणूस आत आहे, बटण दाबू नको.

गेम बनवणाऱ्याला ही खूण कुठून कळली? त्याने सयाजीला फोन केला. सयाजी टपरीवर वडापाव खात होता.

"मला काय धाड भरलीय? तू खेळ की निवांत!"

बुधवारी धम्मपालने क्रिकेटला हातच लावला नाही. सुपरहिरो लावला. काचेच्या उंच इमारतींचं परदेशी शहर, आग लागलेली, वीस नागरिकांना उचलून खाली आणायचं. त्याने धडपडत एकोणीस आणले. विसावा पाण्याच्या टाकीवर उभा होता. बाकी नागरिक सुटाबुटातले, हा निळ्या डांगरीत, डोक्यावर पिवळं हेल्मेट. उजवा हात वर, मनगट धरलेलं. धम्मपालने त्याच्याभोवती दहा घिरट्या घातल्या, पण तो काही उचलला जाईना. हेल्मेटखालचा चेहरा अंधारात होता. कोपऱ्यात आकडा तसाच राहिला, वीसपैकी एकोणीस.

त्या दिवशी त्याने सयाजीला मेसेज टाकला, "सांभाळून रे." उत्तरात हसण्याची पाच तोंडं आली.

गुरुवारी तो पुन्हा क्रिकेटवर आला. खरं तर त्याला भीती वाटत होती. पण भर दुपारी, खाली भंगारवाला ओरडत असताना, खेळण्याला काय घाबरायचं? म्हणून तो चिडला. नेम धरून त्याने चेंडू सयाजीच्या डाव्या पायावर मारला. चेंडू बुटावर आपटून परत आला. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा मारला. तिसऱ्या वेळी सयाजीने मान खाली घालून पायाकडे पाहिलं, आणि मग मान वर करून सरळ पडद्याबाहेर. धम्मपालने टीव्हीचं बटणच बंद केलं.

शुक्रवारी साडेअकराला सुपरवायझर ज्ञानेश साहेबांचा फोन आला. धम्मपालने नुकताच क्रिकेटचा गेम लावला होता. तो त्याने थांबवून ठेवला.

"धम्मपाल, कुठं आहेस तू?"

"घरी, साहेब."

"नक्की ना? कंपनीत वगैरे आला नाहीस?"

"सोफ्यावर बसलोय, साहेब."

"चार नंबरची ट्रायल घ्यायचीय. सगळ्यांची कुलपं निघाली, तुझं तेवढं लटकतंय. शनिवारी विसरलास वाटतं. तोडून टाकू?"

"तोडा की," धम्मपाल म्हणाला. साहेबांनी विचारलं आणि याने हो म्हटलं, सवयीने. फोन बंद झाला.

त्याने पडद्याकडे पाहिलं.

गेम थांबवलेला होता. तरी मैदानावरची माणसं हलत होती. एकेक करून अकराही जण त्याच्याकडे वळले. अकरा उजवे हात वर गेले. अकरा डाव्या हातांनी मनगटं धरली.

कुलूप माझं. पण आत मी नाही.

आत सयाजी आहे.

त्याने ज्ञानेश साहेबांना उलट फोन लावला. वाजत राहिला. कोणी उचलेना.

सयाजीचा लावला. बंद. कामगारांनी मशिनच्या शेडमध्ये मोबाइल न्यायचा नाही, तो लॉकरमध्ये असणार.

पुन्हा साहेबांना. वाजतोय. वाजतोच आहे.

मांडीवरचा कंट्रोलर एकदम धडधडायला लागला. प्रेसचं मोठं चाक फिरायला लागतं तसा, आधी सावकाश, मग जोरात.

खुंटीवर त्याचं ओळखपत्र होतं. मागे गेटचा नंबर. त्याने तो फिरवला. लागला. गेटवरची करिष्मा बोलली.

"करिष्माताई, धम्मपाल. चार नंबरखाली माणूस आहे! वॉकीटॉकीवर सांग, कुलूप तोडू नका! सयाजी आत आहे!"

तिने एक शब्दही विचारला नाही. रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला, मग तिचं ओरडणं, मग लांबवर भोंगा.

कंट्रोलर थांबला.

धम्मपाल फोनमधून येणारा तो भोंगा ऐकत उभा राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर सयाजीची चार महिन्यांची पोरगी येत होती, बाकी काही नाही. सहा मिनिटांनी ज्ञानेश साहेबांचा फोन आला. आवाज चिरकलेला.

"बाहेर आलाय. खालच्या खड्ड्यात पडून ग्रीस भरत होता. कंप्रेसर चालू होता, हाक गेली नाही रे त्याला. कटर कुलपाला लावला होता आम्ही. अर्धं कापलं होतं."

धम्मपाल मटकन फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. पोटभर रडून झाल्यावर तोंड धुतलं, दोन पोळ्या खाल्ल्या आणि धीर करून सुपरहिरो लावला. टाकीवर कोणी नव्हतं. कोपऱ्यात आकडा होता, वीसपैकी वीस. त्याला इतकं हलकं वाटलं की त्या परदेशी शहरावरून तो संध्याकाळपर्यंत उगाच उडत बसला.

रविवारी सयाजी शेवटची ड्युटी संपवून कंपनीतून थेट पिंपरीला आला. बायको वर्षाली पोरीला घेऊन आधीच पोहोचली होती. आम्रपालीने मटण केलं होतं. सयाजीने दारात सेफ्टी बूट काढले आणि धम्मपालला मिठी मारून जमिनीवरून उचललं.

"नवं कुलूप मिळालं बघ! आता तुझा थोबडा लावून मरायची पाळी न्हाई."

सगळे हसले. वर्षालीने हसता हसता डोळे पुसले. जेवणानंतर सयाजीने कंट्रोलर हातात घेतला आणि मिडविकेटचा तो ढेरपोट्या पाहून खो खो हसला. पडद्यावरचा सयाजी आता धावत होता. त्याने एक झेलही घेतला. धम्मपालने पोरीला मांडीवर घेतलं आणि आठवड्यात पहिल्यांदा पाय पसरून बसला. खुणेचं त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगायचंही नव्हतं.

"आयला, त्या खड्ड्यात उंदरं लई हायती," सयाजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "सोमवारपासनं पायाजवळनं कायतरी पळायचं. गुरुवारी तर डाव्या पायावर कायतरी आपटलं. तीनदा. वर बघतो तर कोण न्हाई. नट-बिट पडला आसंल."

"असेल," धम्मपाल म्हणाला.

पोरगी रडायला लागली म्हणून तो तिला घेऊन दारापर्यंत गेला. सयाजीचे काळे बूट उंबऱ्याबाहेर होते, ग्रीसने माखलेले. डाव्या बुटाच्या टोकावर तीन गोल लाल डाग होते. तो वाकला. प्रत्येक डागाच्या मधोमध चेंडूच्या टाक्यांची बारीक रांग उमटली होती.