आखूड घोंगडी

इराकहून नागराजची बॅग आली. नागराज आला नाही.

फेब्रुवारी २००६. सीमाभागातल्या मेहकर गावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या वैष्णवीला त्याच्या आईनं, नागूबाईनं, सोबतचं पत्र वाचायला बोलावलं. तो तिकडे एका खासगी सुरक्षा कंपनीत गार्ड होता. कंपनीनं कळवलं होतं, की जानेवारीत तो पहारा सोडून पळाला.

"जिता हाय का न्हाई, तेवढं बघ," नागूबाई म्हणाली. "वाट बघायची तर बघते."

बॅगेत बूट, आरसा, घोंगडी. नागूबाईनं ती अंथरली. शेजारी नवऱ्याची अंथरली. दोन्ही एकाच मागावर, एकाच मापानं विणलेल्या. नागराजची दीड वीत आखूड निघाली. जाड, ताठ. साबणाच्या पावडरीचा वास.

"कुनी धुतली? आमी उन्हात झटकतो. गरम पाणी लावत न्हाई."

वैष्णवीनं दोन पट्ट्या जोडणारी मधली शिवण थोडी उसवली. आत पाहिलं. घोंगडी घेतली आणि नागूबाईला घेऊन चिटगुप्प्याची बस धरली.

तिथं गिरिधरकाकांचं परदेशी नोकऱ्या लावून देण्याचं ऑफिस होतं. वैष्णवीच्या वडिलांचे चुलतभाऊ. नागराजला त्यांनीच पाठवलं होतं.

"बॅग कुणी भरली, काका?"

"कंपनीनं. खोलीत होतं तसंच भरलं. कशाला हात लावला नाही."

"घोंगडी?"

"कॉटवरच होती."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं? पत्रात तर नाही."



वैष्णवीनं घोंगडी टेबलावर ठेवली. "गरम पाण्यात साबणानं घुसळली की लोकर आटते. मेंढरं पाळणाऱ्या घरातला माणूस असं करत नाही. म्हणजे परक्यानं मशीनमध्ये टाकली. पळालेल्याची घोंगडी कोण कशाला धुईल? डाग काढायला. पण गरम पाण्यानं रक्त जात नाही, पक्कं बसतं. शिवणीच्या आत बघा."

काकांनी बघितलं नाही. थंडीत तो घोंगडी पांघरून ट्रकांच्या पुढच्या गाडीत बसला होता, त्यांनी सांगितलं. गोळ्या लागल्या. तिथंच पुरला. तो कुठल्याच सैन्याचा नव्हता, म्हणून कुणी विचारलं नाही.

"आणि 'पळाला'?"

"मीच लिहायला सांगितलं. अजून अकरा जण जायचे होते. मेला म्हटलं असतं तर कोण गेलं असतं?"

नागूबाई रडली नाही.

"दिवस कोणता?"

"अकरा जानेवारी. बुधवार. दुपारी फोन आला."

तिनं बोटांवर मोजलं.

"त्या दिवशी सांजच्याला मी हितंच आलते, त्याची खबर इचारायला," ती म्हणाली. "तुमी बरा हाय म्हनलाव. चहा पाजलाव."

तिनं घोंगडीची घडी घातली. आखूड झाल्यामुळं ती पटकन झाली.