रिकाम्या ट्रकचा भार

बुधाजीचा ट्रक लष्कराच्या लिलावातला, पेट्रोलवर चालणारा. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराला तो त्यातून खोपोलीहून कर्जतला खडी पोचवायचा. माझं गॅरेज खोपोलीच्या शिळफाट्यावर, घराला लागूनच. गाडी मध्येच बंद पडते, काही केल्या चालू होत नाही, आणि कधी कधी ब्रेकच लागत नाही, अशी त्याची तक्रार. हे ‘कधी कधी’ मेकॅनिकला सगळ्यात नकोसं. गाडी दारात आली की शहाण्यासारखी वागते.

मी कॉइल बदलली, पॉइंट घासले, पेट्रोलची नळी फुंकून साफ केली. ब्रेकमधली हवा काढली, मास्टर सिलिंडरला नवी रबरं घातली. थोड्याच दिवसांत बुधाजी परत दारात.

“मेस्त्री, उताराला पॅडल पार तळाला गेलं. जया बाजूला बसली व्हती. माजी पोर. नुसती माजा सदरा धरून बसली.”

मी मागचं चाक खोललं. ब्रेकचा ड्रम तापून निळा पडला होता, लायनरला जळका वास येत होता.

“माल किती भरला होतास?”

“खडी टाकून परत येत व्हतो. रिकामी गाडी.”

“रिकाम्या गाडीचा ड्रम असा जळत नाही, बुधाजी.”

“पोरीची शपथ, मेस्त्री. रिकामी व्हती.”

मला ते पटलं नाही. पुढच्या खेपेला मीच स्टिअरिंगवर बसलो, तो शेजारी. कर्जतला खडी उतरवल्यावर मी स्वतः हौद्यात चढून पाहिलं. फळ्यांवर खडीची धूळ, बाकी काही नाही.

कोंडाण्याच्या फाट्यापाशी इंजिन बंद पडलं. आचका नाही, आवाज नाही. फुंकर घालून दिवा विझवावा तसं.

“हितंच,” बुधाजी म्हणाला. “दर बारीला हितंच.”

प्लगला ठिणगी होती. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल होतं. हँडल मारलं तर इंजिन नुसतं फिरायचं, पेट घ्यायचं नाही. भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी बॉनेटखाली वाकलो होतो, तेवढ्यात माझ्या मांडीला टेकलेला बंपर किंचित वर उचलला गेला. मागून कोणी हौद्यात चढावं तसा. मग आणखी एकदा. मग आणखी.

“मागं कोण चढतंय रं?”

बुधाजी केबिनमध्ये समोर नजर लावून बसला होता. “कोन नाय,” तो म्हणाला. “तुमी मागं जाऊ नका.”

मी गेलो. हौदा रिकामा होता. धुळीवर माझ्याच चपलांचे ठसे. पण स्प्रिंगचे पाटे सपाट झाले होते आणि टायर जमिनीशी पसरले होते. कर्जतला जाताना, खडीच्या भरल्या खेपेलाही ते इतके पसरले नव्हते.

पहिल्याच हँडलला इंजिन सुरू झालं.

पळसदरीच्या पुढच्या उतारावर पॅडल तळाला टेकलं. समोर बैलगाडी. मी गिअर पाडला, बुधाजीने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढून धरला, आणि गाडी उजवीकडे मारून आम्ही बैलांना अगदी घासून पुढे गेलो.

“खोपोलीच्या पुलापाशी हलकी व्हते गाडी,” बुधाजी पुटपुटला. “रोज व्हते.”

पूल आला.

पूल गेला.

“आज नाय झाली, मेस्त्री.”

मी गॅरेजपर्यंत पहिल्या गिअरमध्ये आलो. इंजिन बंद केलं. दोघंही खाली उतरून उभे राहिलो.

मागचा पाटा करकरला.

गाडी बोटभर वर आली. थांबली. पुन्हा करकरला. एकेक जण उतरावा, खालच्याने वरच्याला हात द्यावा, तशी ती थांबत थांबत वर येत होती.

मग सगळं शांत झालं.

त्यानंतर बुधाजीने तो ट्रक कितीतरी वर्षं चालवला. एकदाही बिघडला नाही.

त्या दुपारी मात्र आम्ही अजून तसेच उभे असताना माझी बायको, शकू, चहाचे दोन कप घेऊन घरातून आली आणि दारातच थबकली. तिने गॅरेजभर नजर फिरवली, डोक्यावरचा पदर सारखा केला.

“अवो, बायकामानसं उभी हायत,” ती हळू आवाजात मला म्हणाली. “त्यांना बसायला तरी काय तरी द्या.”

आणि आणखी कप आणायला ती आत वळली.