हवा काढताना

धप्प... रिकाम्या पिंपावर ओली गोणी पडावी, तसा आवाज. ओदवारने तो एकतीस वर्षांपूर्वी ऐकला होता. त्याचा धाकटा भाऊ आइनर दुरुस्त केलेली गाडी गॅरेजातून बाहेर काढत होता आणि क्लचचं पेडल असं तळाला आपटलं. पेडल असं आपटलं की समजावं, तेलाच्या पाइपात हवा राहिली आहे, क्लच ऐन वेळी सुटणार नाही. ओदवारला ते समजलं होतं. पण त्या सकाळी दोघा भावांचं वाजलं होतं. उद्या बघू, म्हणून तो गप्प बसला.

तासाभराने बोटीच्या धक्क्यावर, बर्फावरून, गाडी थेट खाडीत गेली आणि आइनर बुडाला. आइनरची होडी त्याच वर्षी खडकावर फुटली होती. गावाने अर्थ लावला, मुद्दामच गेला.

दुसऱ्या दिवशी बाहेर ओढलेली ती गाडी तेव्हापासून आइनरच्या बायकोच्या, युरुनच्या, छपरीत उभी होती. या डिसेंबरात युरुनने ओदवारला बोलावून घेतलं. दुपारचे दोन वाजले होते आणि उत्तरेकडच्या त्या हिवाळ्यात तेवढ्यातच अंधार झाला होता.

"डॉक्टर म्हणतो, बर्फ वितळेपर्यंत काही मी राहत नाही," ती म्हणाली. "त्याआधी एवढं सांग. क्लच गेला होता, की तो आपणहून गेला?"

"इतक्या वर्षांनी काय कळणार, युरुन?"

"गावातल्या सगळ्या गाड्या बऱ्या केल्यास. हिला तेवढा कधी हात लावला नाहीस."

 ओदवारने कंदील घेतला आणि दोघं छपरीत गेली. क्लचच्या तेलाची डबी कोरडी ठणठणीत होती. त्याने तिच्यात नवं तेल ओतलं, जेमतेम कपभर. खालच्या स्क्रूला पारदर्शक नळी लावून तिचं टोक मुरंब्याच्या बरणीत सोडलं. हवा काढायला दोघं लागतात. वर बसलेला पेडल दाबून ‘दाबलंय’ म्हणतो, गाडीखालचा माणूस स्क्रू सैल करतो, आवळतो आणि ‘सोड’ म्हणतो. त्या सकाळी आइनर रुसून पायरीवर बसला होता. ओदवारने पेडलला फळीची टेकण देऊन एकट्यानेच काम उरकलं होतं.

"वर बसशील का?"

"बसते. हातमोजे तेवढे आणते घरातून. तू हो खाली. पोट अडकलं तर ओढायला माणसं नाहीत हं माझ्याकडे."

तो गाडीखाली सरकला. गंज, जुनं तेल आणि कुठूनतरी शेवाळाचा वास येत होता. थोड्या वेळाने दार वाजलं. वर सीट करकरली आणि गाडी एका अंगाला किंचित दबली.

"दाब."

धप्प.

"दाबलंय," आवाज खोल गेलेला. आजारी बाई, ओदवारला वाटलं.

बरणीत बुडबुडे आले. हवा होती तर. "सोड." पुन्हा दाब, पुन्हा बुडबुडे. दहा वेळा दाबलं की ते थांबतात. वीस झाले, तीस झाले, बुडबुडे येतच होते. बरणी भरून वाहू लागली. कपभर तेल, आणि एवढं कुठून? बोटांवरून ओघळणारं ते बर्फासारखं गार होतं. त्याने जिभेला लावून पाहिलं. खारट.

"युरुन... पुरे आता."

"दाबलंय..."

तेवढ्यात छपरीचा दरवाजा कुरकुरला. गाडीखालून त्याला युरुनचे बूट दिसले. दरवाजात. कोरड्या, भुसभुशीत बर्फाने माखलेले.

"मोजेच सापडेनात," ती म्हणाली. "एकट्यानेच सुरू केलंस होय?"

तो कसाबसा बाहेर आला. गाडीत कुणी नव्हतं. सीट निथळत होती. पेडल तळाला टेकलेलं होतं आणि तिथेच राहिलं होतं.

युरुन बरणीकडे बघत राहिली. त्या घरात ती सून म्हणून आली तेव्हापासून गाड्यांचीच बोलणी ऐकत होती.

"हवा," ती म्हणाली.

"हवा. मी राहू दिली. तो निघाला तेव्हा पेडल आपटलेलं मला ऐकू आलं होतं, युरुन. ऐकलं... आणि बोललो नाही."

"जीव दिलेल्याची बायको म्हणून चर्चमध्ये लोक माझ्या बाकावरून उठून जायचे. तू शेजारी बसायचास. दर रविवारी."

"हो."

बरणीत एक बुडबुडा वर आला, फुटला. मग दुसरा. ओदवार पेडलकडे वळला.

"सोड," तो पुटपुटला. "सोड रे, आइनर..."

पेडल वर आलं नाही.

युरुनने कंदील उचलला आणि त्याला अंधारात सोडून घराकडे चालू लागली.