रणझुंजारचा खरा मालक

यंत्राने नाव दिले तेव्हा डॉ. चारुशीला निंबकर यांना वाटले, आपलाच कुठेतरी घोळ झाला. त्यांनी गणित पुन्हा लावले. दुसऱ्यांदा तेच नाव आले, तिसऱ्यांदाही तेच. पडद्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते: इंदुमती शंकर सणगर, क्रीडासाहित्य विभाग.

"ही कोण?" त्यांनी विचारले.

शेजारी बसलेला अन्वर बागवान खुर्चीत ताठ झाला. तो प्रयोगशाळेचा संख्याशास्त्रज्ञ, आणि मूळचा कोल्हापूरचाच.

"इंदुमावशी? मॅडम, त्या रणझुंजारच्या जर्स्या धुतात."

व्यावसायिक फुटबॉल लीगच्या मालकी-शोध प्रयोगशाळेची ही फिरती शाखा कोल्हापुरात येऊन तीन आठवडे झाले होते. काम एकच होते. रणझुंजार तालीम फुटबॉल क्लबचा खरा मालक कोण, ते ठरवायचे.

तसे पाहिले तर हे पेठेतले शेंबडे पोरसुद्धा सांगू शकले असते. शंभर वर्षांपूर्वी पेठेने वर्गणी काढून उभा केलेला हा क्लब बारा वर्षांपूर्वी निशिकांत कडवेकर नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने 'दत्तक' घेतला. दत्तक हा त्यांचाच शब्द. तेव्हापासून पोराचे जे हाल व्हायचे ते झाले. खेळाडूंचे पगार चौदा महिने थकले. फिजिओ पळाला. शहराच्या ऐन मध्यावरचे साडेचार एकरांचे मैदान सात कंपन्यांच्या साखळीतून गहाण पडले आणि गहाण ठेवून घेणारी आठवी कंपनी निघाली कडवेकरांच्या मेव्हण्याची. सोमवारी ती मॉल बांधायला मैदानाचा ताबा घेणार होती. कागदावर मात्र कडवेकर कुठेच नव्हते. "मी साधा चाहता आहे हो," असे ते वर्तमानपत्रांना हसतहसत सांगत. असल्या साध्या चाहत्यांनी देशातले अकरा क्लब गिळून ढेकरही दिला नव्हता.

म्हणूनच तर मालकीचा नवा कायदा झाला होता. त्याची शास्त्रीय बाजू चारुशीला यांनी उभी केली होती आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

"आपण काय मोजतो, ते पहिल्यापासून बोलून बघू," त्या म्हणाल्या. चूक सापडत नसली की त्या असेच करत. "क्लबच्या पाच वर्षांच्या सगळ्या नोंदी आपण घेतल्या. निरोप, हजेरी, बँकेचे आदेश, सामने, प्रवास. त्यातून संगणकात क्लबची सावली-प्रत तयार केली. ती खऱ्या क्लबसारखीच वागते."

"हरते पण तशीच," अन्वर म्हणाला.

"मग वजाबाकी-चाचणी. सावलीतून एक माणूस काढून टाकायचा आणि तीच पाच वर्षं पुन्हा चालवायची. हजार वेळा. त्या माणसावाचून क्लबचं जितकं काही बदलेल, तितका त्याचा कर्तांक. शंभरपैकी. ज्याचा कर्तांक सगळ्यात मोठा तो मालक. मग कागदावर त्याचं नाव असो नाहीतर त्याच्या कुत्र्याचं."

"कडवेकरांचा किती आला?"

"चार."

"शंभरात चार?" अन्वरने पडदा स्वतःकडे वळवला. थोडा वेळ तो आकडे चाळत राहिला आणि मग त्याने कपाळावर हात मारला. "मॅडम, बरोबर आहे. सातही कंपन्यांचे आदेश त्यांनी संगणकातल्या एका स्वयंचलित निर्णययंत्रणेवर सोडलेत. कुठल्या महिन्यात किती उचलायचे, कुणाचा पगार अडवायचा, सगळं ती ठरवते. एकदा चालू करून दिली की कडवेकर झोपले काय अन् गेले काय, लूट वेळापत्रकाप्रमाणे चालू राहते. त्यांना वजा केलं तरी काही बदलतच नाही."

"पण ती चालू कुणी केली?"

"त्यांनीच. सहा वर्षांपूर्वी. आपण बघतो पाच वर्षांचं."

चारुशीला यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाचणीचा अर्ज कडवेकरांनी स्वतःहून केला होता, तेव्हा त्यांना या माणसाचे थोडे कौतुकच वाटले होते. ज्याला पकडण्यासाठी पिंजरा केला, तो गृहस्थ पिंजऱ्याची मापे घेऊन शिट्टी वाजवत बाहेर पडत होता.

"आणि या बाईंचा एक्क्याण्णव का?"

अन्वर जरा घुटमळला. "रणझुंजारमध्ये एक रीत आहे. माझे चुलते इथंच खेळायचे, म्हणून मला माहीत. खेळाडूनं क्लब सोडताना राजीनामा कुणालाही पाठवावा, पण जर्सी मावशींच्या हातात द्यायची. टेबलावर ठेवून जायचं नाही."

"मग?"

"मग काय? पोरगं तावातावानं जर्सी घेऊन जातं. मावशी विचारतात, 'जेवलास का?' झालं. जेवून, जर्सी काखेत मारून पोरगं परत येतं. हे बघा, चौदा महिन्यांत तेवीस राजीनामे लिहिले गेलेत आणि एकही पोचलेला नाही. पगार थकायला लागल्यावर मावशींना वजा केलं की तेवीसच्या तेवीस पोचतात. संघ फुटतो, सामने रद्द होतात, एकशे एकोणतिसाव्या दिवशी क्लब बंद."

यंत्राचे काहीच चुकले नव्हते. चूक चारुशीला यांची होती, आणि ती आता त्यांना लख्ख दिसली. ज्याच्यावाचून अडते तो मालक, असे त्यांनी धरले होते. मोठ्या कंपन्यांच्या आलिशान कचेऱ्यांत वाढलेले ते गणित होते. ज्याच्यावाचून अडते त्यालाच आपल्याकडे फुकट राबवून घेतात, हे इतकी वर्षे या देशात राहून त्यांच्या डोक्यात आले नव्हते.

"तिसरं कलम," अन्वर हळूच म्हणाला.

ते कलम चारुशीला यांनी हट्टाने घालायला लावले होते. ज्या क्लबात सहा महिन्यांवर पगार थकतील, त्याच्या मालकाला देशातल्या कुठल्याही क्लबच्या मैदानावर जन्मभर पाऊल ठेवता येणार नाही. माफी नाही, सवलत नाही. समितीतल्या एका म्हाताऱ्या न्यायाधीशाने 'थोडी फट ठेवा' म्हटले, तेव्हा त्या त्यांच्याशी कडाकडा भांडल्या होत्या.

"आकडे जरा हलवले तर?" अन्वरने विचारले. "चार इकडं, एक्क्याण्णव तिकडं."

"आणि मग उद्या कडवेकरांसारखे दहा जण तेच करायला सांगतील. नाही. चाचणी रद्द करू म्हटलं तरी वर्ष जाईल. मैदान सोमवारी जातंय."

तीन वाजता दोन्ही पक्ष आले. कडवेकर पांढऱ्या शर्टात, अत्तराचा भपकारा घेऊन. मागोमाग इंदुमावशी. साठीची, काटक बाई. साबणाने बोटांची कातडी पांढरी पडलेली. दोन्ही हात पदराला पुशीत त्या दारातच उभ्या राहिल्या.

"बसा की मावशी," अन्वर म्हणाला.

"न्हाई, उभी ऱ्हातो. मशीन लावून आलोय, लगेच जायचं हाय." कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी त्यांची क्रियापदे पुरुषी होती.

चारुशीला यांनी निकाल वाचला. वाचताना त्यांना स्वतःचाच आवाज नकोसा झाला. इंदुमावशी शेवटपर्यंत शांतपणे ऐकत राहिल्या आणि मग त्यांनी अन्वरकडे पाहिले.

"काय म्हणत्यात ह्या?"

"क्लबचा मालक तुम्ही, मावशी."

"आता गं बया!" त्या खळखळून हसल्या. दुसरे कुणी हसत नाही म्हटल्यावर थांबल्या.

कडवेकरांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. निकालाचे त्यांना तसूभरही आश्चर्य वाटलेले दिसत नव्हते. "मावशी, घाबरू नका. कायद्यानं तुम्हाला नकार द्यायची सोय आहे. मालकी नको, एवढंच यात लिहिलंय. मी तयार करूनच आणलाय. सही करा आणि मोकळ्या व्हा. नाहीतर तुमच्यावर बंदी येईल, जन्माची. कशाला हे घोंगडं गळ्यात घेताय?"

"तुम्हाला त्यांची एवढी काळजी कधीपासून?" चारुशीला यांनी विचारले.

"मॅडम, मी साधा चाहता आहे."

"साध्या चाहत्यानं चौदा महिने पोरांचा पगार थकवला?"

"मी कसा थकवीन?" कडवेकर मनापासून हसले. "मी मालक नाही. तुमच्याच शास्त्रानं सिद्ध केलंय. शंभरात चार! उद्या पेपरात येईल ते."

चारुशीला यांच्या हातातला निकालाचा कागद चुरगळला. या माणसाला थोबाडीत मारावी, असे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच इतके स्वच्छ वाटले. पण त्याच क्षणी त्यांना त्याने बोललेले वाक्य नीट ऐकू आले. मी मालक नाही.

"अन्वर, दुसरं कलम वाचा," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं."

अन्वरने वाचले. "चाचणीत ठरलेल्या आणि मालकी स्वीकारलेल्या मालकाच्या सहीवाचून, चाचणीत मोजलेल्या पाच वर्षांत क्लबचं मैदान विकलं किंवा गहाण ठेवलं असल्यास तो व्यवहार मुळातच रद्द. कर्ज आणि थकलेले पगार, दोन्ही ज्यानं पैसा उचलला त्याच्या अंगावर."

"मैदान गहाण कधी पडलं?"

"तीन वर्षांपूर्वी."

अन्वरने चमकून कडवेकरांकडे पाहिले. कडवेकरांचा चेहरा मात्र फारसा बदलला नव्हता. हेही त्यांनी मोजलेले होते.

"स्वीकारलेल्या मालकाच्या," ते शांतपणे म्हणाले. "नकार दिला तर क्लब बेवारस. बेवारस क्लबचे जुने कागद चालतात. आणि स्वीकारणार कोण? तुम्हीच असं कलम करून ठेवलंय मॅडम, की शहाणा माणूस स्वीकारणार नाही. त्याबद्दल तुमचे आभार मानायला हवेत."

हे खरे होते, आणि खरे होते म्हणूनच ते अधिक झोंबले. चारुशीला इंदुमावशींकडे वळल्या. सांगायचे ते सरळ सांगणे भाग होते.

"मावशी, तुम्ही मालकी घेतली तर मैदान वाचतं. पोरांचे पगार या साहेबांकडून वसूल होतात. पण तुम्हाला त्या मैदानावर पुन्हा कधीही जाता येणार नाही. गेटच्या आतसुद्धा नाही. कायदा मी केलाय. त्यात मला आज बदल करता येत नाही."

"मी काय केलंय?"

"काहीच नाही."

"मग बंदी मला का?"

देशातल्या सगळ्यात हुशार बारा माणसांनी दीड वर्ष बसून हा कायदा केला होता. जर्स्या धुणारी बाई त्यात कुठे बसेल, हे बारापैकी एकालाही सुचले नव्हते. लुटारू त्यातून सुटतो आणि राबणारी अडकते, एवढे साधे पाहून घ्यायला तरी कुणाला वेळ झाला होता?

इंदुमावशी आता खुर्चीवर बसल्या. त्यांनी कडवेकरांचा कागद उचलला, वाचला, घडी घालून त्यांच्यापुढे परत ठेवला.

"चाळीस वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "नवऱ्याला पोचवून आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी मॅच हुती. त्या दिवशी बी गेल्तो."

"म्हणून तर म्हणतोय मावशी," कडवेकर पुढे वाकले. "तुम्हाला करमणार आहे का मैदानावाचून?"

"न्हाई करमायचं," त्या म्हणाल्या. "पर मैदानच न्हाई ऱ्हायलं तर कुठं जाऊन करमवू? तुमच्या मॉलात?"

त्यांनी अन्वरकडे हात केला. त्याने स्वीकृतीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवतही नव्हता.

"थांबा, मावशी," चारुशीला घाईने म्हणाल्या. "आणखी एक तुम्हाला कळलं पाहिजे. आम्ही संगणकात तुम्हाला वजा करून पाहिलं. बंदी म्हणजे तेच, खरोखरीचं. हजार वेळा पाहिलं आणि हजारही वेळा क्लब बंद पडला. तुम्ही सही केलीत तर कदाचित मैदान उरेल आणि क्लब उरणार नाही."

कडवेकरांना हे सुचले नव्हते. त्यांची मान चटकन वर झाली आणि डोळ्यांत चमक आली.

इंदुमावशींनी पेन हातात घेतले, पण कागदावर टेकवले नाही. "कवा बंद पडतोय?"

"एकशे एकोणतिसाव्या दिवशी."

"काय हुतंय त्या दिवशी?"

चारुशीला यांनी सावली-प्रतीची नोंद उघडली. हजारातल्या बहुतेक खेपांत एकच गोष्ट लिहिलेली होती. "सकाळी मैदानावर पाणी मारायला कुणी येत नाही. जमीन कडक होते. संध्याकाळी उरलेली पोरं सराव न करता घरी जातात. नंतर कुणी येतच नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

इंदुमावशींनी सही केली. सावकाश, पूर्ण नावाची. मग पेनाला टोपण लावून ते चारुशीला यांच्या हातात दिले.

"मग त्या दिवशी सकाळी तुम्ही या," त्या म्हणाल्या. "सहाच्या आत. सात वाजल्यापास्नं नळाला पाणी नसतंय."